चव गेली की वास गेला?

समोर ताट आहे, पोटात भूक आहे, घास तोंडात गेला आणि... काहीच नाही. गरम आहे कळतंय, मऊ आहे कळतंय, पण लागत काहीच नाही, भुसा चावल्यासारखं. घरचे म्हणतात दोन घास तरी खा, पण ज्याच्या तोंडाची चव गेलीय त्याला तो एक घास गिळणंसुद्धा जड जातं.

चला, एक टेस्ट करू, व्हिडिओ बघता बघताच. लिंबाच्या स्वादाची गोळी घ्या, नाक चिमटीत घट्ट धरा आणि गोळी तोंडात टाका. गोड लागेल, जरा आंबट लागेल, बस्स. आता नाक सोडा. आला ना लिंबू? तो जिभेवरून नाही आला, घशाच्या मागून नाकात चढलेला वास आहे तो. जिभेला फक्त पाच चवी कळतात, गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी, म्हणजे मशरूम-टोमॅटोमध्ये लागते ती रसदार चव, ही पाचवी 1908 मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी शोधली. आणि तिखट? ती चव नाहीच, ती जळजळ, तिची नस वेगळी.

म्हणून "चव गेली" म्हणणाऱ्या खूप जणांची जीभ ठणठणीत असते, गेलेला असतो वास. सर्दी, सायनस, नाकातले पॉलिप म्हणजे मऊ गाठी, डोक्याला बसलेला मार, कोविड. जिभेवर चिमूटभर साखर ठेवून बघा, मग चूळ भरून मीठ. दोन्ही नीट कळत असतील तर आधी नाक दाखवा.

पण मीठही कळत नसेल तर मात्र कारण शोधावंच लागतं, आणि इथेच लोक गडबड करतात, सरळ झिंकच्या गोळ्या सुरू करतात. झिंक कमी असेल तर फायदा होतो हे खरं, पण कमी नसताना भरपूर झिंक महिनोन्महिने घेत राहिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. त्यापेक्षा आधी चालू औषधांची यादी काढा. जंतुसंसर्गावरच्या मेट्रोनिडॅझोलने तोंडात धातूसारखी चव येते, बुरशीवरच्या टर्बिनाफिनने चव जाऊ शकते, बीपीच्या कॅप्टोप्रिलनेसुद्धा. पण प्लीज, गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा पर्याय असतो.

मग लाळ. कोरड्या जिभेवर साखर ठेवली तर ती विरघळतच नाही, आणि विरघळल्याशिवाय चव कळत नाही, इतकं साधं आहे. तोंड सतत कोरडं पडत असेल तर घोट घोट पाणी, साखर नसलेलं च्युइंगगम, कृत्रिम लाळ, यांनी फरक पडतो. हिरड्यांचं इन्फेक्शन, तोंडातली बुरशी, सिगरेट, हेही तपासा. कानाचं ऑपरेशन झालं असेल तर तेही सांगा, कारण जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारी नस मधल्या कानातून जाते, हे फार कमी जणांना माहीत असतं.

जिभेवरच्या चवीच्या पेशी साधारण दहा ते पंधरा दिवसांत नव्या होतात, त्यामुळे कारण दूर झालं की बऱ्याचदा चव परत येते. डोक्या-मानेच्या रेडिएशननंतर मात्र महिने लागतात, धीर धरावा लागतो. आणि चव अचानक गेली, सोबत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर टेस्टबिस्ट काही करत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा.

वास गेला असेल तर त्याचा व्यायाम असतो. 2009 मध्ये जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांच्या टीमने गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास घेऊन रोज दोनदा, बारा आठवडे, हा प्रयोग केला, आणि करणाऱ्यांचा वास सुधारला, सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा. घाई करायची नाही, एकेका वासाची बाटली नाकाजवळ धरायची, डोळे मिटायचे आणि लवंग कशी होती ते आठवत हळूहळू हुंगायचं. सुरुवातीचे कितीतरी दिवस काहीच येत नाही. मग एखाद्या सकाळी काहीतरी येतं, कधीकधी विचित्र, जळकट, लवंगेसारखं अजिबात नाही. घाबरून बाटली बंद करू नका, संध्याकाळी परत उघडा.