नाव विसरेपर्यंत उपचार

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये माउंट रॉयलच्या उतारावरचं हे दगडी घर, रेव्हन्सक्रॅग, जहाज कंपनीचे मालक ह्यू ॲलन यांनी 1863 मध्ये बांधलेलं. तो टॉवर बघा. पुढे घर हॉस्पिटलला दान मिळालं आणि इथे ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूट ही मानसोपचाराची संस्था सुरू झाली, प्रमुख डॉ. इवेन कॅमेरॉन. मोठं नाव होतं. न्युरेम्बर्गला नाझी नेत्यांवरच्या खटल्यात हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस म्हणत होता मला काही आठवत नाही, तेव्हा त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांमध्ये कॅमेरॉनही होते. लोक विश्वासाने यायचे.

कॅमेरॉनना वाटायचं, आजारी मनाची पाटी आधी पूर्ण पुसायची आणि मग नवीन लिहायचं. पुसायचं कसं, तर औषधं देऊन पेशंटला दिवसचे दिवस, काहींना महिनाभरसुद्धा झोपवून ठेवायचं, खाण्यापुरतं नि टॉयलेटपुरतं उठवायचं, आणि मधेमधे डोक्याला विजेचे शॉक, तेही एका वेळी एकामागोमाग एक. शेवटच्या टप्प्याचं वर्णन त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय: आपण कुठे आहोत, का आलो, काहीच माहीत नाही, काल नाही, उद्या नाही. उपचार इथपर्यंत न्यायचेच होते त्यांना.

आता हा टेपरेकॉर्डर. एकच वाक्य, उशीतल्या स्पीकरमधून, तासन्‌तास, आधी टोचणारं आणि काही दिवसांनी चांगलं. काहींना सोबत एलएसडी या भास घडवणाऱ्या ड्रगचं इंजेक्शन. एलएसडीने वेळेचं भान सुटतं, मी कुठे संपतो नि जग कुठे सुरू होतं तेच कळेनासं होतं, जाणूनबुजून घेणारेही त्यात घाबरतात, आणि इथे तर हा प्रयोग चाललाय हेच पेशंटना सांगितलं नव्हतं.

या वेल्मा ऑर्लिकाव. विनिपेगहून आलेल्या, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन होतं म्हणून. त्यांनाही एलएसडी टोचलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. नवरा पुढे खासदार झाला, घरात शिकलेली माणसं, तरी कित्येक वर्षं कळलं नाही की यातल्या काही कामाला सीआयएचा, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेचा पैसा होता, 1957 पासून, एका आडोशाच्या संस्थेमार्फत. 1977 मध्ये पेपरात आलं तेव्हा कळलं.

1988 मध्ये सीआयएने वेल्मा आणि इतर पेशंटशी साडेसात लाख डॉलरवर तडजोड केली. 1992 मध्ये कॅनडा सरकारने 77 जणांना प्रत्येकी एक लाख डॉलर दिले, पण बऱ्याच जणांचे अर्ज फेटाळले, कारण त्यांची स्मृती पुरेशी गेलेली नाही असं ठरवलं गेलं.