यादीतून वाटलेली आडनावं

फिलिपाइन्समध्ये गार्सिया, मेंदोसा, रेयेस अशी आडनावं ऐकली की आपल्याला वाटतं, घराण्यात स्पॅनिश रक्त असणार. बहुतेक वेळा तसं काही नसतं. गोव्यातली पोर्तुगीज आडनावं बाप्तिस्म्याबरोबर आली. इथे मात्र बहुतेक आडनावं स्पॅनिश वसाहतीच्या सरकारने छापील यादीतून वाटली.

तो हुकूम गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया यांचा, २१ नोव्हेंबर १८४९ चा. तोवर लोक संतांची नावंच आडनावासारखी लावत. एका घरात बापाचं एक, मुलाचं दुसरं. दे ला क्रूस आणि दे लोस सांतोस तर गावोगाव ढिगाने. कर कोणाचा थकला, वेठीला कोण चुकलं, नवरानवरी नात्यात किती जवळची, काही उलगडेना. म्हणून सुमारे ६० हजार आडनावांचा कोश तयार झाला. त्यात स्पॅनिश शब्दांबरोबर स्थानिक भाषांतले शब्द, झाडं, प्राणी, खनिजं यांचीही नावं होती.

प्रांताधिकारी गावाच्या लोकसंख्येच्या मानाने यादीची पानं पाठवी. गावात पाद्री, मुखिया आणि मानकरी बसत. कर्त्या माणसाने घेतलेलं आडनाव सगळ्या घराला लागे. यादी अकारविल्हे असल्यामुळे एका गावाला एकाच अक्षराची पानं जात. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात आजही ‘आर’ने सुरू होणारी आडनावं फार आढळतात. चार पिढ्या चालत आलेलं आडनाव सिद्ध केलं तर ते ठेवता येई, पण दे ला क्रूससारख्यांना ही सवलत नव्हती. तरी ते आज देशातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांत आहे! हुकूम गावापर्यंत पोचताना किती सैल पडला, ते इथे दिसतं.

वंशावळ शोधणारे नेमके इथेच अडतात. वेगवेगळ्या गावांत राहणारे सख्खे भाऊसुद्धा वेगळ्या आडनावांचे झाले. उपाय एकच: चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत १८४९ च्या आधी आणि नंतर जन्मलेली एकाच जोडप्याची मुलं शोधायची. आईबापांची पहिली नावं जुळली तरी थांबू नये. हुआन आणि मारिया गावात शेकड्याने असतात, म्हणून वस्तीच्या प्रमुखाचं नावही ताडून पाहावं.

आणि ही आडनावं परकी राहिली नाहीत. फिलिपाइन्सचा राष्ट्रनायक होसे रिसाल याच्या घराण्याचं मूळ आडनाव मेर्कादो. १८७२ मध्ये स्पॅनिश सत्तेने तीन धर्मगुरूंना मृत्युदंड दिला. त्यांतल्या बुर्गोस यांच्याशी होसेच्या थोरल्या भावाचा संबंध होता, मेर्कादो नावावर संशय येऊ नये म्हणून होसे शाळेत रिसाल या नावाने दाखल झाला. ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिश सत्तेने त्याला गोळ्या घातल्या, आणि तेच आडनाव राष्ट्राचं नाव झाल्यासारखं लोकांच्या तोंडी बसलं.

मात्र दक्षिणेकडच्या मिंदानाओ बेटावरचे मुसलमान आणि उत्तरेकडच्या कोर्दियेराच्या डोंगरातले लोक बहुतांशी या यादीबाहेर राहिले, कारण तिथे स्पेनचा अंमल कधी नीट बसलाच नाही. मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. स्पॅनिश नाव आणि ख्रिस्ती धर्म यांनाच राष्ट्राची ओळख मानलं, तर हे लोक आपल्याच देशात उपरे ठरतात. मिंदानाओत याच प्रश्नावरून दशकानुदशकं बंदुका चालल्या, आणि २०१९ च्या सार्वमतानंतर बांगसामोरो हा स्वायत्त प्रदेश उभा राहिला.