निवाडा म्हणजे काय?

(दृश्य: बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातलं एक अंगण, सुपात तांदूळ.)

हे हात बघा. खडा बाजूला, साळ बाजूला, तांदूळ सुपात. याला आपण निवडणं म्हणतो, आणि 'निवाडा' हा शब्द त्याच कुळातला. मिसळलेलं वेगळं करायचं आणि कुणाचं काय ते ठरवायचं.

बांधावरून भांडण असलं की इकडे विचारतात, "निकाल लागला काय गा?" निकालात कोण जिंकलं एवढंच कळतं. असं का ठरलं, हे कळल्याशिवाय हरलेल्याला झोप लागत नाही. कायद्यालाही हे ठाऊक आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत हुकूमनामा वेगळा आणि न्यायनिर्णय वेगळा. हुकूमनामा पक्षकारांचे हक्क ठरवतो, न्यायनिर्णयात त्याची कारणं असतात.

बेळगावच्या कोर्टात यालाच 'तीर्पू' म्हणतात. जमीन संपादनाच्या कन्नड कागदावर 'ऐतीर्पू' दिसलं, तर तो भरपाईचा निवाडा समजावा. हा एक शब्द ओळखता आला तरी शेतकऱ्याची दाद मागायची मुदत चुकायची नाही, म्हणून तो मुद्दाम सांगतोय.

(दृश्य: भीमगडचं जंगल, म्हादईचा उगम.)

म्हादई इथंच, खानापूर तालुक्यात उगवते. तिच्या पाण्यावरून गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र भांडले. लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी निवाडा दिला, कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी आलं. तिन्ही राज्यं पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली.

आता सीमाप्रश्न. 1966 साली महाजन आयोग नेमला गेला, 1967 साली त्याचा अहवाल आला. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यातच राहावं, असं त्यात म्हटलं. त्याला सर्रास 'महाजन निवाडा' म्हणतात, आणि मला ते चुकीचं वाटतं. आयोग शिफारस करतो. ती मानायची की नाही, हे सरकार ठरवतं. महाराष्ट्राने ती मानली नाही.

निवाडा मागितला गेला तो 2004 साली. राज्याराज्यांतले वाद थेट सर्वोच्च न्यायालयात नेता येतात, त्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 131 खाली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. राज्यांच्या सीमा ठरवणं हे संसदेचं काम, असं कर्नाटकाचं म्हणणं. म्हणजे निवडायला बसायचं कुणी, इथूनच वाद आहे.

(दृश्य: तेच अंगण, संध्याकाळ. सूप अजून भरलेलं.)