ए-२ जॅकेट: नक्कल करावी तर अशी

[दृश्य: टेबलावर पसरलेलं तपकिरी चामड्याचं जॅकेट. कॅमेरा कॉलरच्या आतल्या लेबलवर.]

ए-२ म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी वैमानिकांचं चामडी जॅकेट. आधी हे लेबल वाचू. सगळ्यात वर 'टाइप ए-२'. खाली आराखडा क्रमांक, ३०-१४१५. त्याखाली करार क्रमांक, ४२-१४०१-पी. मग कारखान्याचं नाव, रफ वेअर क्लोदिंग कंपनी. ही कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनची. आणि शेवटी मालकी कोणाची, तर अमेरिकी लष्कराच्या हवाई दलाची.

लेबलवर विश्वास ठेवला तर हे १९४२ च्या करारातलं सरकारी जॅकेट आहे. पण हे शिवलं गेलंय आपल्या काळात. दुकानदार कोणाला फसवत नाही, गिऱ्हाइकालाही सगळं ठाऊक असतं. नक्कल आहे हे माहीत असून तो लाखाच्या वर रुपये मोजतो. का, ते आता पाहू.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. विमानापाशी उभे वैमानिक.]

ए-२ ला अमेरिकी एअर कॉर्प्सने, म्हणजे लष्कराच्या तेव्हाच्या हवाई शाखेने, ९ मे १९३१ रोजी मान्यता दिली. त्याआधीच्या ए-१ ला पुढे बटणं होती आणि कॉलर लोकरीच्या विणीची. नव्या जॅकेटला चेन आली आणि चामड्याची कॉलर आली. कॉलरची टोकं खालून टिचबटणांनी बसवली, म्हणजे वाऱ्यात फडफडायला नकोत. पाठ एकाच अखंड तुकड्याची. मनगटाला आणि कमरेला लोकरी पट्टी. समोर दोन खिसे, पण हात खुपसायला बाजूचे खिसे नाहीत. असं सांगतात, की खिशात हात घालून उभा राहणारा अधिकारी लष्कराला नको होता. खरं-खोटं लष्कराला माहीत, शिस्तीशी जुळतं मात्र.

उबेच्या बाबतीत ए-२ यथातथाच. पंचवीस हजार फुटांवर, उणे चाळीस अंशांच्या आसपास, बी-१७ बॉम्बफेकी विमानातल्या माणसांना मेंढीच्या कातड्याचे जाडजूड कोट किंवा विजेवर तापणारे कपडे लागत. तरीही पोरांचा जीव होता तो ए-२ वर. १९४३ मध्ये हवाई दलाचे प्रमुख जनरल हॅप अरनॉल्ड यांनी चामडं बाजूला सारून कापडी जॅकेटांचा रस्ता धरला. ज्यांच्याकडे ए-२ होतं त्यांनी ते काही अंगावेगळं केलं नाही.

[दृश्य: दोन जॅकेटं शेजारी शेजारी. बोट एका खिशाच्या झाकणावरून दुसऱ्याकडे जातं.]

आता खरी गंमत. सरकारने आराखडा एकच दिला, पण शिवणारे अनेक. शिकागोचा जे. ए. डुबो, न्यूयॉर्क राज्यात बीकनची एरो लेदर, न्यूबर्गची पेरी स्पोर्ट्सवेअर, मॅसॅच्युसेट्समध्ये लिनची स्टार स्पोर्ट्सवेअर, बोस्टनची केबल रेनकोट. यांतले बरेचसे एरवी साधे कोट आणि रेनकोट शिवणारे. प्रत्येकाचा मास्तर वेगळा, बेतण्याची तऱ्हा वेगळी. एकाने कॉलरला खाली उभी पट्टी दिली, दुसऱ्याने कॉलर थेट गळ्याला जोडली. कुठे खिशाच्या झाकणाचे कोपरे गोल, कुठे टोकदार. कोणाचे खांदे रुंद, कोणाच्या बाह्या निमुळत्या. अधिकाऱ्यांच्या दृष्टीने सगळी सारखीच, ए-२ म्हणजे ए-२.

म्हणून चांगली नक्कल 'ए-२ ची' नसतेच. ती एका कारखान्याच्या एका कराराची असते. जाणकार गिऱ्हाईक दुकानात जाऊन ए-२ मागत नाही. तो म्हणतो, रफ वेअर १४०१ दाखवा, किंवा डुबो आहे का.

[दृश्य: उसवलेलं जुनं जॅकेट. बाह्या, पाठ, कॉलर सुटे सुटे मांडलेले.]

त्यासाठी आधी एखादं अस्सल जॅकेट बळी जातं. फाटकं, चेन तुटलेलं, अस्तर कुजलेलं असं जुनं जॅकेट मिळवायचं आणि टाका टाका उसवायचं. प्रत्येक तुकडा कागदावर ठेवून त्याची रेघ मारून घ्यायची. इंचात किती टाके आहेत ते मोजायचे. मुंढा किती वर घेतलाय ते बघायचं. ए-२ चा मुंढा बराच वर असतो, म्हणून हात पुढे केले तरी जॅकेट वर चढत नाही. लांबी कमरेपर्यंतच, म्हणजे वैमानिक बसला की पोटाशी चामड्याचा गोळा होत नाही. आजचं गिऱ्हाईक मात्र आरशासमोर उभं राहून कुरकुरतं, 'आखूड आहे हो.' अरे, ते बसणाऱ्यासाठी बेतलंय!

युद्धाच्या घाईत शिवलेल्या जॅकेटांत शिलाई कुठे वाकडी, कुठे एक खिसा किंचित तिरका. नक्कल करणाऱ्यापुढे इथे पेच पडतो. वाकडं तसंच ठेवायचं की सरळ करायचं? माझं मत विचाराल तर थोडं वाकडं राहू द्यावं. अगदी एकसारखे टाके घातलेलं ए-२ मला तरी कंपनीच्या रिसेप्शनवरच्या गणवेशासारखं वाटतं.

[दृश्य: कातड्याचा तुकडा हातात वाकवून दाखवला जातो. सुरकुत्या उमटतात.]

चामड्याकडे वळू. मूळ आराखड्यात घोड्याचं कातडं होतं. पुढे बकरीचं आणि गाईचंही वापरलं गेलं. आज चांगलं घोड्याचं कातडं मिळायची ठिकाणं मोजकी. जपानमध्ये ह्योगो प्रांतातलं हिमेजी हे चामड्याचं जुनं गाव. तिथल्या शिन्की हिकाकू या कारखान्याचं नाव या शौकात सगळ्यांच्या तोंडी असतं. हे कातडं वनस्पतींच्या अर्कात कमावलेलं असतं, आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात, त्याच जातीचं काम. नवं असताना ताठ, अंगाला टोचणारं. वापरता वापरता कोपराशी सुरकुत्या पडतात आणि त्या तिथेच राहतात, माणसाच्या हाताप्रमाणे.

रंगाचं प्रकरण आणखी अवघड. कित्येक जॅकेटं मुळात लालसर तपकिरी होती. दुरुस्तीला आली, की त्यांवर गडद तपकिरी रंगाचा नवा हात दिला जायचा. संग्राहकाच्या हाती लागतं ते हे दुसऱ्यांदा रंगवलेलं जॅकेट. त्यावरून नक्कल केली तर नक्कल कोणाची झाली? कारखान्यातून निघालेल्या जॅकेटची की दुरुस्ती विभागातल्या रंगाऱ्याची? म्हणून बारकाईने पाहणारे कॉलरच्या खाली, खिशाच्या झाकणाआड मूळ रंग शोधतात.

[दृश्य: जपानी रस्ता, दुकानाची काच, आत टांगलेली जॅकेटं.]

या वेडाची राजधानी जपान. ज्या देशावर अमेरिकी विमानं चालून गेली, त्याच देशाने त्यांच्या वैमानिकांचं जॅकेट सगळ्यात निगुतीने जपलं. युद्ध संपलं, अमेरिकी तळ बसले, सैनिकांचं जुनं सामान बाजारात आलं. टोकियोतल्या उएनोचा आमेयोको बाजार तेव्हाच्या काळ्या बाजारातून उभा राहिला. टोयो एंटरप्राइज या कंपनीची मुळंही त्याच काळातली, अमेरिकी सैनिकांना भरतकाम केलेली आठवणीची जॅकेटं विकण्याच्या धंद्यात. याच कंपनीने १९९३ मध्ये 'बझ रिक्सन्स' हा ब्रँड काढला. नाव घेतलं स्टीव्ह मॅक्वीनने १९६२ च्या एका चित्रपटात रंगवलेल्या वैमानिकाचं. कोबेची रिअल मॅकॉय्ज दुसरी मोठी. चेन, लोकरी कफ, अस्तराचं सुती कापड, सगळं नव्याने जुन्यासारखं घडवून घेण्यात या दोघांचा हात धरणारे कमी.

स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्सची एरो लेदर १९८१ पासूनची. नाव मुद्दाम बीकनच्या जुन्या कारखान्याचं घेतलेलं. सिॲटलची गुड वेअर तर एका माणसाच्या हातावर चालते. आणि इंग्लंडमध्ये डेव्हनची ईस्टमन. ए-२ खेरीज ती ब्रिटिश वैमानिकांचं मेंढीच्या कातड्याचं अर्विन जॅकेटही शिवते. अर्विनचं एकच सांगतो. सुरुवातीच्या जॅकेटांत मोठे मोठे तुकडे आहेत. युद्ध लांबलं तसं लहान कातडंही वाया घालवणं परवडेना, मग जोड वाढत गेले. आज नकलेतही ते जोड हवे असतात. टंचाईतून आलेली शिवण आता जादा पैसे देऊन घेतली जाते!

[दृश्य: जॅकेटची रंगवलेली पाठ. पिवळ्या रंगातले छोटे बॉम्ब रांगेने.]

एका गोष्टीवर मात्र माझं या मंडळींशी जमत नाही. युद्धात कित्येकांनी पाठीवर विमानाचं नाव, चित्र आणि मोहिमेगणिक एकेक बॉम्ब रंगवून घेतला. १९४३ च्या अखेरीस जर्मनांच्या हाती पडलेल्या एका अमेरिकीच्या पाठीवर 'मर्डर इन्क.', म्हणजे 'खून कंपनी', असं लिहिलेलं होतं. ते त्याच्या विमानाचं नाव, पण जर्मन प्रचारयंत्रणेला आयतंच कोलीत मिळालं. आता अशाच रंगवलेल्या पाठी मागणीप्रमाणे करून मिळतात. चित्र काढायला हरकत नाही. पण पंचवीस बॉम्ब म्हणजे पंचवीस वेळा कोणीतरी परत येईल की नाही ते ठाऊक नसताना निघालं होतं. ती रांग कॉफी प्यायला जाताना पाठीवर मिरवणं मला पटत नाही.

[दृश्य: छातीवरचा चामडी बिल्ला. सूर्य, तारा, खाली लाल-पांढरे पट्टे.]

हा बिल्ला चीन, ब्रह्मदेश आणि भारताच्या आघाडीचा. वर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा, खाली लाल-पांढरे पट्टे. आसामात चबुआ, दिंजान इथल्या तळांवरून अमेरिकी विमानं हिमालयाची टोकं ओलांडून चीनला माल नेत. त्या वैमानिकांसाठी असे बिल्ले इथल्याच कारागिरांनी केले, कधी जरीचे, कधी चामड्याचे रंगीत तुकडे कापून एकमेकांवर शिवलेले. जवळून पाहा. ताऱ्याचं एक टोक तोकडं, पट्ट्यांची रुंदी कमी-जास्त, टाके हाताचे. यावर लेबल नाही, करार क्रमांक नाही, शिवणाऱ्याचं नाव तर नाहीच. 'डुबोचा आहे का' असं विचारायची इथे सोय नाही. जपानी कारागीर समोरचा नमुना घेतो आणि तोकड्या टोकासकट तो उतरवतो.