गोदाकाठचा पूर नकाशावर मांडताना

[दृश्य: उन्हाळ्यातला गोदाघाट. मोकळ्या पायऱ्या, मागे दुतोंड्या मारुती.]

गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सुटलं, हे सरकारी आकड्यात कळतं. नाशिककर मात्र पूर मोजतो तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत चढलं. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांचे फोटो घरोघरच्या फोनमध्ये पडून आहेत. ते एका नकाशावर आणायचे, तर खरी अडचण फोटो मिळवण्याची नाही. टाचणी नेमकी कुठे टोचायची, ही आहे.

[दृश्य: होळकर पुलाच्या कठड्यावरून दिसणारं रामकुंड.]

पुलावर उभं राहून कुणी रामकुंडाचा फोटो काढला. फोनने फाइलमध्ये नोंदवलेले अक्षांश-रेखांश पुलाचे असतात, रामकुंडाचे नाही. फाइल तशीच नकाशावर चढवली की टाचणी पुलावर बसते, आणि बघणाऱ्याला वाटतं, पाणी पुलापर्यंत पोचलं होतं. म्हणून प्रत्येक फोटोला दोन स्थानं हवीत: फोटो काढणारा कुठे होता, आणि फोटोत दिसणारी पाण्याची खूण कुठे आहे. सोबत कॅमेऱ्याच्या रोखाची दिशा, अंशांमध्ये. टाचणी नेहमी खुणेच्या जागी टोचायची. उभं राहण्याची जागा वेगळ्या रकान्यात ठेवायची. पुढच्या पावसाळ्यात तिथूनच फोटो घ्यायचा, तर तीच उपयोगी पडते.

[दृश्य: फोनचा पडदा, कॅमेऱ्याची सेटिंग.]

फोटो गोळा करतानाच निम्मी माहिती गळते. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि त्यातलं स्थान पुसलं जातं. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. नव्या अँड्रॉइड फोनवर ब्राउझरमधून फोटो चढवतानाही स्थान गळू शकतं; शंका असेल तर केबल लावून संगणकावर उतरवावा. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे व्हॉट्सॲपच्या फाइलच्या नावातली तारीख. ती फोटो काढल्याची नसते, तो फोनवर आल्याची असते. फिरत आलेल्या पुराच्या फोटोवर ती तारीख बिनधास्त टाकली, की २०१६ चा पूर नकाशावरच्या २०१९ च्या थरात, म्हणजे त्या वर्षीच्या टाचण्यांच्या संचात, जाऊन बसतो. ज्याने काढला त्यालाच विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर तारखेचा रकाना मोकळा राहू द्यावा.

जुन्या नाशकात फोनवर फार विसंबू नये. मोकळ्या घाटावर फोनची चूक साधारण पाच मीटरची असते. सराफ बाजारासारख्या अरुंद गल्लीत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो, आणि टाचणी पलीकडच्या आळीत उडते. तिथे हातानेच जागा लावावी. अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतर पाच अंक म्हणजे सुमारे एक मीटर, चार अंक म्हणजे अकरा मीटर. सहाव्या-सातव्या अंकाचा हट्ट धरून काही मिळत नाही.

फोनने दाखवलेली उंची तर पुराच्या कामाची नाहीच, कारण ती आडव्या स्थानापेक्षा बरीच जास्त चुकते. पाणी किती वर आलं, ते न हलणाऱ्या वस्तूवरून लिहावं: घाटाची वरून कितवी पायरी, देवळाच्या ओट्यापासून किती सेंटिमीटर. मोजपट्टीने मोजलेलं असेल तर तसं लिहावं, नजरेचा अंदाज असेल तर तसं.

[दृश्य: संगणकावर तक्ता.]

तक्ता साधा असावा. एका फोटोला एक ओळ, प्रत्येक ओळीला न बदलणारा क्रमांक. अक्षांश-रेखांशाचे आकडे इंग्रजी अंकांतच भरावेत. देवनागरी अंक बहुतेक नकाशांना वाचता येत नाहीत. नाशिकचा अक्षांश २० च्या आसपास, रेखांश ७३ च्या पुढे. दोन्ही रकाने उलटे झाले, तर रामकुंड नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातं. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली, तर फाइल जतन करताना यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षरांची पद्धत) निवडायचं राहिलेलं असतं. तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावी. नाहीतर ४/८/२०१९ चं एक्सेल खुशाल ८ एप्रिल करून टाकतं, आणि ऐन उन्हाळ्यात गोदेला पूर येतो!

जागेच्या नावांचाही घोळ होतो. कुणी होळकर पूल लिहितं, कुणी अहिल्यादेवी पूल, जुन्या कागदांत व्हिक्टोरिया पूल. एका रकान्यात ठरवून एकच नाव ठेवावं, बाकीची दुसऱ्या रकान्यात. लोक शोधतात ती त्यांच्या तोंडची नावं, म्हणून ती फेकून देऊ नयेत.

[दृश्य: नकाशावर एकेक थर उमटतो.]

नकाशासाठी यूमॅप ही वेबसाइट पुरेशी आहे; ती ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालते. प्रत्येक पुराचा एक थर करावा. एका ठिकाणी टाचण्यांची गर्दी झाली, तर त्या थराला गुच्छ करण्याचा, म्हणजे जवळच्या टाचण्या एकत्र दाखवण्याचा, पर्याय द्यावा. यूमॅप फोटो साठवत नाही, फक्त त्यांचा दुवा दाखवतो. फोटो आधी विकिमीडिया कॉमन्ससारख्या, खुल्या परवान्याने फोटो ठेवणाऱ्या वेबसाइटवर ठेवावे लागतात. त्यासाठी परवाना देण्याचा हक्क ज्याने फोटो काढला त्याचाच. फोटो पुढे पाठवणाऱ्याचा नाही. खातं न उघडता नकाशा केला, तर संपादनाचा गुप्त दुवा जपून ठेवावा. तो हरवला की नकाशा दिसतो, पण बदलता येत नाही.

रामकुंडावर लोक स्नान करत असतात, दशक्रिया विधी चालू असतात. अशा फोटोंत चेहरे ओळखू येत असतील, तर पाण्याची खूण कापून घ्यावी किंवा फोटो सोडून द्यावा.

पावसाळ्याआधी, मे महिन्यात, ठरलेल्या प्रत्येक जागेवरून कोरड्या घाटाचा एक फोटो काढून ठेवावा. त्यात पायऱ्या स्वच्छ मोजता येतात, आणि पुराच्या फोटोतली पातळी त्यांच्यावरून लावता येते. पाणी चढायला लागलं, की घाटावर उतरायचं नाही. जागा निवडताना उंचावरच्याच निवडाव्यात, आणि पोलिसांनी पूल बंद केला असेल, तर त्या दिवशी तिथला फोटो नाही.