मुक्कामी गाडी बंद झाली की गावात काय काय बंद होतं

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ एसटीवर आहे, पण शिवनेरी-शिवशाहीवर नाही आणि मोठ्या स्टँडवरच्या गर्दीवर पण नाही, आज बोलायचंय मुक्कामी गाडीवर. ज्यांचं लहानपण खेड्यात गेलंय त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, संध्याकाळी तालुक्याच्या डेपोतून शेवटची गाडी सुटते, रात्री सात-आठला शेवटच्या गावात पोचते आणि तिथंच थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर पण तिथंच झोपतात, आणि पहाटे साडेपाच-सहाला तीच गाडी गावातली माणसं घेऊन परत तालुक्याला निघते.

या पहाटेच्या गाडीत कोण बसतं ते जरा बघा. अकरावी-बारावीची पोरंपोरी, आयटीआयवाले, नर्सिंग करणाऱ्या मुली. बाजाराचा दिवस असेल तर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधलेली गाठोडी आणि त्या गाठोड्यांवर हात ठेवून बसलेल्या बायका. कोर्टाची तारीख असलेला एखादा शेतकरी. बँकेत निराधारचे पैसे जमा झालेत का बघायला निघालेली आजी, आणि तिच्या शेजारी उपजिल्हा रुग्णालयात नंबर लावायचाय म्हणून उपाशीपोटी निघालेला माणूस, कारण रक्त तपासायचंय. म्हणजे गावाला तालुक्यात जेवढी कामं असतात ती सगळी या एका गाडीत बसून जातात, ही गाडी चुकली तर पुढची दुपारी, आणि दुपारी पोचलात तर ऑफिसात साहेब जेवायला गेलेले असतात आणि ओपीडी बंद झालेली असते.

आता ड्रायव्हर-कंडक्टरची रात्र कशी जाते ते पण बघू, कारण यावर कुणी फारसं बोलत नाही. गाडी देवळापुढं नाहीतर ग्रामपंचायतीच्या पटांगणात लावायची, थंडीत काचा ओढून घ्यायच्या, त्यातली एखादी काच हमखास अडकलेली, मग तिथं पोतं कोंबायचं. दोन सीटच्या मधल्या वाटेत सतरंजी टाकायची, उशाला कॅशची बॅग, कारण दिवसभराचा हिशोब त्या बॅगेत असतो आणि एक रुपया कमी पडला तरी तो स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. तिकीट मशीन चार्जिंगला गावातल्या कुणाच्या तरी घरी. सकाळी हातपंपावर तोंड धुवायचं, संडासची सोय असली तर असली. काही गावांत अजून पण एखाद्या घरातून रात्री भाकरी-कालवण येतं आणि पहाटे चहा येतो, कुणी सांगितलेलं नसतं, पण गाडी आपल्या गावात मुक्कामाला आहे म्हणजे ही दोन माणसं आपली पाहुणी आहेत असं गाव धरून चालतं. मला महाराष्ट्रातल्या खूप चांगल्या गोष्टींपैकी ही एक वाटते.

थोडा इतिहास सांगते. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली, आता त्याला आपण अहिल्यानगर म्हणतो. लाकडी बॉडीची गाडी होती, ड्रायव्हर किसन राऊत आणि कंडक्टर लक्ष्मण केवटे, ही दोन नावं एसटीतल्या जुन्या लोकांना पाठ असतात. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच रस्त्यावर पहिली इलेक्ट्रिक शिवाई सोडली. या मधल्या काळात ‘रस्ता तिथे एसटी’ हे नुसतं भिंतीवर लिहिलेलं वाक्य नव्हतं, खरंच रस्ता झाला की वर्षा-दोन वर्षांत गावात लाल गाडी यायची, लोक नारळ फोडायचे, ड्रायव्हरला टोपी-टॉवेल द्यायचे. गावातली पोरगी तालुक्याला शिकायला जाऊ शकते ही गोष्ट कितीतरी घरांत त्या दिवसापासून सुरू झाली.

मग बिनसलं कुठं? कोरोनात गाड्या थांबल्या. त्यातून सावरत होतो तोच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप सुरू झाला, कर्मचाऱ्यांची मागणी होती की महामंडळाचं सरकारात विलीनीकरण करा, आणि तो संप पाच महिन्यांच्या वर चालला, हायकोर्टानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हा सांगितलं तेव्हा कुठं मिटला. त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, त्या वाचून अजून पण पोटात कालवतं. मी संपाच्या वेळी पण म्हणत होते आणि आज पण म्हणते, ज्या माणसाच्या हातात पन्नास-साठ जीव आहेत त्याला पगाराची काळजी करत गाडी चालवायला लावणं हे सरकार म्हणून शोभत नाही. पण संपाचा फटका बसला तो सगळ्यात जास्त शेवटच्या गावाला. बंद झालेल्या मोठ्या रूटच्या गाड्या परत आल्या, मुक्कामी गाड्या मात्र बऱ्याच गावांत आल्याच नाहीत.

डेपोत विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, भारमान कमी आहे. भारमान म्हणजे गाडीच्या एकूण सीटपैकी किती सीट भरल्या. आता मला सांगा, पहाटे जी गाडी उभ्यानं भरून जाते ती दुपारी त्याच गावाला जाताना रिकामीच जाणार ना, कारण जे सकाळी गेले ते संध्याकाळीच परत येणार. पण सरासरी काढली की कागदावर दिसतं की गाडी अर्धी रिकामी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर अजूनच कमी. आणि डेपो मॅनेजरला तरी काय बोलणार, त्याच्याकडं गाड्याच कमी आहेत, वरून रोज विचारणा होते किलोमीटरमागं उत्पन्न किती, मग हाताशी आहेत त्या गाड्या तो लांब पल्ल्याला सोडणार, त्याच्या जागी कुणी पण तेच करेल.

गाड्या कमी म्हणजे किती कमी? कोरोनाच्या आधी एसटीकडं सुमारे १८ हजार गाड्या होत्या, नंतर हा आकडा १४-१५ हजारांच्या आसपास आला. ५ हजार १५० इलेक्ट्रिक गाड्या भाड्यानं घ्यायचं ठरलं होतं, वेळेवर आल्या त्या अगदीच थोड्या, शेवटी मे २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी तो करारच रद्द करायला सांगितलं. जुन्या गाड्या तशाच ओढल्या जातायत. पावसाळ्यात गाडीत छत्री उघडून बसलेल्या लोकांचे व्हिडिओ तुम्ही पण बघितले असतील.

आता येते त्या गोष्टीवर जी मला मनापासून आवडली आणि जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट पण वाटतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट लागू झालं. त्याच्या आधी, ऑगस्ट २०२२ पासून, ७५ वर्षांच्या पुढच्यांना प्रवास मोफत झाला होता. अर्ध्या तिकिटाची चेष्टा करणारे खूप बघितले, बायका उगाच फिरायला लागल्या, गाडीत बसायला जागा मिळेना वगैरे. अहो, फिरू द्या की! आयुष्यभर माहेर-सासर आणि शेत यापलीकडं न गेलेली बाई बहिणीला भेटायला जाते, लेकीच्या बाळंतपणाला दोनदा जास्त जाते, कुणी जेजुरीला जाऊन येते, आणि तिकिटाला नवऱ्याकडं हात पसरायच्या ऐवजी स्वतःच्या चोळीतल्या पाकिटातून नोट काढते. कर्नाटकात तर जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी गाड्यांत पूर्ण मोफत आहे. हा खर्च नाहीये, ही मोकळीक आहे, आणि ती दिल्याबद्दल सरकारचं कौतुक करायला मला अजिबात अडचण नाही.

पण ही सवलत मिळते कुठं? एसटीत. आणि ज्या गावात एसटीच येत नाही तिथं? तिथं वडाप आहे, मराठवाड्यात-विदर्भात काळी-पिवळी. जीपमधे दहाच्या जागी सोळा भरल्याशिवाय ती हलत नाही, तिथं ना अर्धं तिकीट ना पास ना ७५ वर्षांची आजी मोफत, पुढं ड्रायव्हरशेजारी चार माणसं कोंबून बसवतात आणि त्यात एखादी कॉलेजची मुलगी असते. वडापवाल्यांवर माझा राग नाही, ते नसते तर गाव अडकूनच पडलं असतं, पण सरकारनं जी सवलत जाहीर केली ती सगळ्यात गरीब, सगळ्यात लांबच्या बाईपर्यंत पोचतच नाही, हे आपण कधी मोठ्यानं बोलतो का?

मुलींच्या पासचं पण तेच. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेला जायला पास मोफत आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्या १२५ तालुक्यांत खास मुलींसाठी दिल्यात, आता तर पास थेट शाळेत आणून देतात. कागदावर बघितलं तर देशात नाव काढावं असं काम आहे. पण अशा एका गावात आम्ही शूट करत होतो, डोंगराकडचं गाव, गाडी बंद झालेली, तिथं एका मुलीनं दप्तरातून पास काढून दाखवला. कव्हर घालून जपून ठेवलेला, कोपरे पण दुमडलेले नाहीत. म्हटलं वापरतेस ना, तर म्हणाली फाट्यापर्यंत चालत जाते, तिथून मिळाली तर गाडी. फाटा तिथून तासाभराच्या वाटेवर. पावसाळ्यात ओढा आला की तेवढे दिवस घरी. तिची आई मधेच म्हणाली, “दहावी झाली की बघू, एवढ्या लांब अंधारात कुणाच्या जिवावर सोडायची?”

या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात स्वारगेट स्टँडवर, पहाटे, उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर बलात्कार झाला. एवढ्या मोठ्या शहरातल्या, एवढ्या वर्दळीच्या स्टँडवर. त्यानंतर गावाकडच्या किती आयांनी मनातल्या मनात ठरवलं असेल की आपल्या पोरीला नको ते कॉलेज. आणि म्हणूनच मुक्कामी गाडीची किंमत वेगळी आहे, कारण ती गावातूनच भरून निघते, कंडक्टर ओळखीचा असतो, कुणाची पोरगी आज आली नाही हे त्याच्या लक्षात येतं, आई ओट्यावर उभी राहून गाडीत बसलेली बघते आणि मग घरात जाते. हे कुठल्या पॅनिक बटणानं होत नाही.

आता तोट्याचं बोलू, कारण कमेंटमधे कुणीतरी हे विचारणारच. एसटीचा साचलेला तोटा १० हजार कोटींच्या वर गेलाय, हे सरकारनंच २०२५ मध्ये काढलेल्या श्वेतपत्रिकेत आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढवून झालं. पण हे पण लक्षात घ्या की एसटी तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर सरकारला भरते. म्हणजे एका हातानं कर घ्यायचा, दुसऱ्या हातानं सवलती जाहीर करायच्या, त्या सवलतींचे पैसे महामंडळाला वेळेवर द्यायचे नाहीत, आणि मग एसटी तोट्यात आहे म्हणून गावची फेरी रद्द करायची. एप्रिल २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना ५६ टक्केच पगार हातात पडला, कारण सरकारकडून सवलतीची पूर्ण रक्कमच आली नव्हती. अर्ध्या तिकिटाचं पोस्टर स्टँडवर लागलंय आणि ते तिकीट फाडणाऱ्या माणसाला अर्धा पगार, हे मला पटत नाही, कुठल्याच पक्षाचं सरकार असलं तरी पटणार नाही.

माझं म्हणणं साधं आहे. मुक्कामी गाड्या आणि शाळेच्या वेळच्या फेऱ्या या डेपोच्या नफ्या-तोट्यातून वेगळ्या काढा. त्यांचा किलोमीटरमागं जो खर्च कमी पडतो तो सरकारनं दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, डेपोला द्यावा. जिल्हा परिषदेच्या चौथीपर्यंतच्या शाळेला आपण विचारत नाही की तुझं उत्पन्न किती, मग त्या शाळेतून पुढं हायस्कूलला नेणाऱ्या गाडीलाच का विचारायचं? प्रवासी कर आधी माफ करा. आणि मुक्कामाच्या गावात ड्रायव्हर-कंडक्टरसाठी एक खोली, एक पंखा, एक संडास, ग्रामपंचायतीला हे अवघड नाही, वित्त आयोगाचे पैसे कुठं कुठं जातात ते आपण सगळेच बघतो.

नवीन गाड्या येतायत, डेपोला पाच-दहा मिळतायत, हार घालून फोटो निघतायत, चांगली गोष्ट आहे. पण त्या गाड्या कुठल्या रूटला लागल्या हे विचारा. सगळ्या पुणे-मुंबईला लागल्या आणि गावाला परत तीच जुनी गळकी गाडी आली, ती पण आठवड्यातून तीन दिवस, तर मग काय उपयोग.

तुमच्या गावची मुक्कामी गाडी बंद असेल तर एक करा. ग्रामसभेत ठराव घ्या, नुसतं तोंडी नको. हायस्कूल आणि कॉलेजकडून पास असलेल्या मुलामुलींची यादी घ्या, सकाळी तालुक्याला जाणाऱ्यांची नावं त्यात जोडा, गाडी किती वाजता हवीय ते स्पष्ट लिहा, आणि आगार व्यवस्थापकाकडं देऊन पोच घ्या. एक प्रत विभाग नियंत्रकांना, एक आमदारांना. महिनाभरानं परत जा. बायकांना बरोबर घेऊन जा, सरपंच एकटा गेला की चहा पाजून परत पाठवतात, पंचवीस बायका गेल्या की लेखी उत्तर द्यावं लागतं. आणि गाडी चालू झालीच तर वडाप दारात उभा असला तरी त्यात बसू नका, दहा मिनिटं थांबा आणि एसटीनंच जा, तिकीट घेऊन जा, कारण भारमान कमी दिसलं की सगळ्यात आधी तुमच्याच गावची गाडी कापली जाणार आहे.