पिवळी रेष आणि आपली बीएस्सीची लॅब

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात बीएस्सीच्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आपल्या भागात व्याख्यानांना काही तोटा नाही. कडोली म्हणा, उचगाव म्हणा, येळ्ळूर म्हणा, गावोगाव साहित्य संमेलनं भरतात, लोक सतरंजीवर बसून मनापासून ऐकतात, मी पण तसंच ऐकत मोठा झालो. पण खगोलावर बोला म्हटलं की बहुतेक वेळा काय होतं, शनीची कडी दाखवायची, ब्लॅक होलचा फोटो दाखवायचा, पोरं आ वासून बघतात आणि घरी जातात. ते वाईट नाही, मला पण आवडतं. पण आज समोर बसलाय ते तुम्ही सगळे पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेऊन, डिफरन्सिएशन इंटिग्रेशन करून इथवर आलेले. तुम्हाला नुसती चित्रं दाखवून पाठवलं तर तुमचं नुकसान केल्यासारखं होईल.

अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिटीत खगोलाचे दोन वेगळे कोर्स असतात. एक आर्ट्स कॉमर्सच्या मुलांसाठी, त्यात गणित अगदी थोडं. दुसरा सायन्स मेजरवाल्यांसाठी, आणि त्याला बसायचं तर आधी कॅल्क्युलस आणि फिजिक्स झालेलं असावं लागतं. दोन्हीत तारे तेच, आकाश तेच. फरक इतकाच की पहिल्यात सांगतात सूर्यावर हेलियम आहे, आणि दुसऱ्यात विचारतात, कशावरून?

आता हे हेलियमचं मी मुद्दाम काढलं, कारण ती गोष्ट आपल्या शेजारची आहे. 18 ऑगस्ट 1868 ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याचा पट्टा आपल्या ह्या भागावरून गेला. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला बसला होता हे पुस्तकात असतं. पण त्याच दिवशी जॉन हर्शेल नावाचा एक लेफ्टनंट, युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, स्पेक्ट्रोस्कोप, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण, घेऊन जमखंडीला बसला होता. जमखंडी म्हणजे पटवर्धनांचं संस्थान, अथणीच्या पलीकडं, आपल्यातल्या किती जणांचे पाहुणे आहेत तिथं! ऑगस्टचा महिना, ढग येतायत जातायत, आणि हातात मिनिटं मोजकी. तेवढ्यात त्यानं सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत तेजस्वी रेषा बघितल्या, तांबडी, नारिंगी, निळी. तापलेला वायू अशा ठरावीक रेषांतच प्रकाश देतो, प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या, म्हणजे त्या ज्वाळा तापलेल्या वायूच्या आहेत हे पक्कं झालं. ती मधली नारिंगी-पिवळी रेष आधी सोडियमची वाटली, पण नीट मोजल्यावर ती जरा बाजूला निघाली. सोडियमच्या दोन रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरवर, ही 587.6 वर. पृथ्वीवरच्या माहितीतल्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून लॉकियर ह्या इंग्रज शास्त्रज्ञानं नवीनच मूलद्रव्य असणार असं मांडलं, त्याचंच नाव हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला 1895 उजाडलं, रॅम्झे ह्या रसायनशास्त्रज्ञानं वेगळं काढलं.

दीड-दोन नॅनोमीटरचा फरक, आणि त्यातून एक मूलद्रव्य. आता मला सांगा, तुमच्या लॅबमध्ये सोडियम लॅम्प आहे का? आहे की. ग्रेटिंग आहे, म्हणजे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच, इंचाला 15,000 रेषांची. रेषा किती कोनावर आहे ते मोजणारा स्पेक्ट्रोमीटर आहे, व्हर्निअरचा लीस्ट काउंट एक मिनिट, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत मोजता येतं. मग हिशेब करून बघा. फर्स्ट ऑर्डरला, म्हणजे ग्रेटिंगमधून दिसणाऱ्या पहिल्या वर्णपटात, सोडियम येतो साधारण 20 अंश 22 मिनिटांवर, आणि हेलियमची रेष त्याच्या पावणेचार मिनिटं अलीकडं. सेकंड ऑर्डरला हाच फरक जवळजवळ दहा मिनिटांचा होतो. म्हणजे 1868 मध्ये ज्या फरकावर जगातल्या मोठमोठ्या लोकांनी डोकं घातलं तो तुमच्या लॅबमधल्या त्या धूळ बसलेल्या स्पेक्ट्रोमीटरवर मोजता येतो!

मी माझ्या पोरांना हे करायला लावायचो. आधी अंधार करून सोडियम लॅम्प, क्रॉसवायर पिवळ्या रेषेवर आणून ठेवायची, टेलिस्कोपचा स्क्रू घट्ट. मग लॅम्प बंद, खिडकी थोडी उघडायची, आरशानं ऊन एका पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि तो कागद स्लिटसमोर धरायचा. थेट सूर्याकडं नळी कधीच न्यायची नाही, डोळा जाईल, हे दहादा सांगायचो. स्लिट बारीक करत न्यायची, सगळे रंग दिसतात आणि बरोबर क्रॉसवायरवर, जिथं मघाशी पिवळी रेष होती तिथंच, एक केसाएवढी काळी रेष. एक मुलगी होती, गर्लगुंजीकडून एसटीनं यायची, तिनं डोळा लावला आणि बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, सर, हे सूर्यातलं सोडियम? म्हटलं होय, मीठ असतं ना, त्यातलंच सोडियम, सूर्याच्या बाहेरच्या थरात ते नेमका तोच रंग शोषून घेतं म्हणून रेष काळी.

आणि रेष कुठं आहे एवढ्यावर हे थांबत नाही, ती किती गडद आहे हे पण बोलतं. मेघनाद साहांनी 1920 मध्ये तापमान आणि आयनीकरण, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं, यांचा संबंध समीकरणात मांडला. 1925 मध्ये खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेनने तेच समीकरण वापरून दाखवलं की ताऱ्यांत सगळ्यात जास्त हायड्रोजनच. त्याआधी लोक धरून चालले होते की सूर्यात साधारण पृथ्वीसारखाच माल असणार. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर रटाळ वाटतो ना? हे त्याचंच काम.

मी शिकत होतो तेव्हा आमच्या कॉलेजात खगोलाचा एकच धडा होता, तो सरांनी ऑप्शनला टाकला. परीक्षेत चाललं, पण पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं की खगोल म्हणजे दुर्बीण असलेल्या लोकांचं काम. आपलं पहिलं उपकरण म्हणजे एक सरळ काठी आणि तिची सावली, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. बेळगाव साधारण साडेचौऱ्याहत्तर अंश रेखांशावर, आपलं घड्याळ चालतं साडेब्याऐंशीवर, फरक आठ अंश, अंशाला चार मिनिटं, म्हणून आपली मध्यान्ह सरासरी 12 वाजून 32 मिनिटांनी. सरासरी म्हटलं, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती 12:16 च्या आसपास येते आणि फेब्रुवारीच्या मध्यावर 12:46 ला. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेली, दोन्हींचा हा परिणाम. मोजताना सावली सगळ्यात छोटी कधी हे बघत बसू नका, त्या वेळी सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही. सकाळी एक लांबी खूण करा, दुपारी सावली तेवढीच परत होते ती वेळ घ्या, दोन्हींचा मध्य काढा. पाच वेगवेगळ्या लांब्यांनी करा, पाच उत्तरं येतील, थोडी थोडी वेगळी. ती का वेगळी आली हे लिहिता आलं की तुम्ही सायन्स शिकायला लागलात.

आपल्याकडं एक अडचण आहे आणि ती खरी आहे. सेमिस्टर सुरू होतं पावसाळ्यात, जांबोटी-कणकुंबीकडं तर जून ते सप्टेंबर आकाश दिसतच नाही. म्हणून माझं म्हणणं, पावसात स्पेक्ट्रोमीटर आणि कॉम्प्युटर, आकाश दिवाळीनंतर. कॉम्प्युटरवर काय, तर ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाचा डेटा, 2022 मध्ये आलेल्या तिसऱ्या रिलीजमध्ये 180 कोटींच्या वर स्रोत आहेत, सगळा फुकट. त्यातनं कृत्तिकेतले तारे काढा, पॅरॅलॅक्स, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकल्यासारखा दिसतो तो कोन, मिळेल साधारण 7.4 मिलीआर्कसेकंद (0.0074 आर्कसेकंद), एकाला 0.0074 नं भागा, अंतर येतं 135 पार्सेक, म्हणजे 440 प्रकाशवर्षं. तीच कृत्तिका मग डिसेंबरात अंगणातनं बघा. लाईट गेलेली असली तर उत्तमच. अगस्तीचा तारा पण बघा, आपल्याकडं दक्षिणेला 21 अंशांपर्यंत वर येतो, लंडनवाल्यांना तो कधीच दिसत नाही.

इंग्रजीचं टेन्शन घेऊ नका. दहावीपर्यंत मराठी, सोबत कन्नड, आणि एकदम बीएस्सी इंग्रजीत, मला ते माहीत आहे, मी पण तिथनंच आलो. वर्णपट म्हणा, स्पेक्ट्रम म्हणा, रीडिंग तेच येतं. पुढं जायचं असेल तर पुणे लांब नाही. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी 1988 मध्ये आयुका ही खगोलाची संस्था उभी केली ती मुळात युनिव्हर्सिटीतल्या मुलांसाठी आणि मास्तरांसाठी. तिथं सुट्टीत बीएस्सीच्या मुलांना घेतात, एनसीआरए ह्या पुण्यातल्याच रेडिओ खगोलाच्या संस्थेबरोबर रेडिओ खगोलाची हिवाळी शाळा पण भरते. इकडं बेंगळुरूला आयआयए, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ ॲस्ट्रोफिजिक्स, आहे. अर्ज करा, नाही झालं तर पुढच्या वर्षी परत करा.

बरं, शेजारच्या खोलीत स्पेक्ट्रोमीटर लावून ठेवलाय आणि खिडकीत अजून तासभर ऊन आहे. पाच पाच जण या, वही घेऊन या, आणि दोन्ही व्हर्निअरची रीडिंग घ्या, एकाचीच नको.